टेकडीवर खांब आहे, किल्ला नाही (हार्त्सबुर्ग, जर्मनी)

उत्तरेकडचा

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिने इकडे आले होते. बाबांची उमेदीची वर्षं सह्याद्रीत गेलेली, त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात फर्मान निघालं, "तुमच्याकडचा एखादा गड दाखव." ऱ्हाईनकाठचे कॅलेंडरवर शोभणारे किल्ले आम्हाला लांब पडतात. म्हणून ब्राउनश्वाइगहून गाडी पकडली आणि पाऊण तासात बाड हार्त्सबुर्गला उतरलो. हार्त्स पर्वताच्या उत्तर पायथ्याशी असलेलं हे गाव. रूळ तिथेच संपतात. गावामागच्या बुर्गबेर्ग टेकडीवर जायला १९२९ पासून रोपवे आहे, तीनेक मिनिटांत वर. बाबा अर्थातच चालत जाणार होते. आईच्या गुडघ्यांमुळे नाइलाजाने पाळण्यात बसले.

वर पोचलो. बाबांनी कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघितलं. दक्षिणेला ब्रोकेनचा डोंगर, उत्तरेला सपाट मैदान, मधे झाडी.

"बरं. किल्ला कुठाय?"

प्रश्न रास्त होता. माथ्याचे दोन तुकडे करणारा एक खंदक आहे. कुठे गुडघाभर, कुठे छातीइतका भिंतींचा अवशेष. एका बुरुजाच्या पायाचं गोल. एक विहीर. या सगळ्यापेक्षा उंच, १९ मीटरचा, एक दगडी खांब. तो किल्ल्याचा नाही. तो १८७७ चा आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

किल्ला बांधला जर्मनीचा राजा चौथा हाइनरिश याने, साधारण १०६५ ते १०६८ च्या दरम्यान. हा सहा वर्षांचा व्हायच्या आतच बाप वारला. अकराव्या-बाराव्या वर्षी, १०६२ मध्ये, कोलोनचा आर्चबिशप आन्नो याने त्याला कायझर्सवेर्टला नवी कोरी नाव दाखवायला म्हणून नेलं आणि नाव सोडून दिली. राजाच पळवला! पोराने ऱ्हाईनमध्ये उडी मारली, बुडता बुडता एका सरदाराने वर काढलं आणि परत नावेतच घातलं. पुढे त्याच्या नावाने तीन वर्षं दुसऱ्यांनी कारभार केला, जमिनी आपल्या माणसांना वाटल्या. १०६५ मध्ये कमरेला तलवार बांधून तो सज्ञान झाला, तेव्हा पहिलं काम काय, तर गेलेलं परत मिळवायचं. आणि मिळवलेलं राखायला उंचावर किल्ले. त्या किल्ल्यांतला सगळ्यात मोठा आणि त्याचा लाडका म्हणजे हा हार्त्सबुर्ग.

झोप यायला लागली. उरलेलं प्रतिसादांत लिहितो.

सदाफुली

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)! तुझ्या बाबांचा प्रश्न वाचून हसू आलं. एक शंका. राजाला तीच टेकडी का हवी होती? घाट-बिट राखायचा होता का?

खडूसकाका

छान. पण "उमेदीची वर्षं सह्याद्रीत गेली" म्हणजे तुमचे वडील आता उमेदीत नाहीत का? त्यांना सांगू का?

उत्तरेकडचा

@खडूसकाका, ते हा धागा वाचतायत. सांगून झालंय.

@सदाफुली, घाटापेक्षा चांदी. टेकडीपासून जवळच गोस्लार, आणि गोस्लारला लागून रामेल्सबेर्गची खाण. ही खाण दहाव्या शतकापासून चालू होती आणि बंद कधी पडली, तर १९८८ मध्ये! सुमारे हजार वर्षं. आता ती जागतिक वारसास्थळ आहे. चांदीमुळे राजांनी गोस्लारला वाडा बांधला, त्याला इथे 'कायझरफाल्त्स' म्हणतात. तेव्हाच्या जर्मन राजाला राजधानी नसायची. लवाजमा घेऊन गावोगाव फिरायचा, जिथे मुक्काम तिथे दरबार. पण हाइनरिश आणि त्याचा बाप गोस्लारला वरचेवर राहत, इतके की आजूबाजूच्या सॅक्सन लोकांना राजाचं जेवण घालून घालून कंटाळा आला. त्या लवाजम्याला पोसायचं कोणी? त्याच मुलखाने.

त्यात हे किल्ले. बांधायला बिगारी स्थानिकांची. वर ठेवलेली शिबंदी मात्र दक्षिणेकडची, श्वाबियातली. तेही खानदानी सरदार नव्हेत, राजाच्या पदरचे बांधील नोकर. ते खाली उतरून धान्य उचलत, गुरं नेत, असं त्या काळचे बखरकार लिहितात. आपण फितूर होऊ म्हणून राजा परके लोक आपल्या उरावर बसवतोय, हे सॅक्सनांच्या मनात बसलं. फारसं चुकीचंही नव्हतं.

बांधकामावर देखरेख बेन्नो नावाच्या पाद्र्याची. हा पुढे ओस्नाब्रुकचा बिशप झाला. याच माणसाने श्पायरचं कॅथेड्रल ऱ्हाईनच्या पाण्याने खचू नये म्हणून तिथला बंदोबस्तही केला. त्या काळी पाद्री आणि स्थापत्य अभियंता एकाच अंगरख्यात असायचे.

घाटवाट

सॅक्सन म्हणजे ड्रेस्डेनकडचे ना? हार्त्स तर बराच पश्चिमेला आहे.

नकाशावाला

नाही, नेहमी होणारा घोटाळा. ड्रेस्डेनचं आजचं राज्य आहे त्याला ते नाव खूप उशिरा चिकटलं, राजघराण्याबरोबर सरकत सरकत. अकराव्या शतकातलं सॅक्सनी म्हणजे आजचं नीडरझाक्सन, वेस्टफालिया आणि आसपासचा पट्टा. हार्त्स त्यात बरोबर बसतो.

घाटवाट

धन्यवाद. मग उठाव झाला असणारच.

उत्तरेकडचा

झाला. १०७३ च्या उन्हाळ्यात. पुढारी नॉर्टहाइमचा ओटो. हा आधी बव्हेरियाचा ड्यूक होता, राजाने १०७० मध्ये त्याची ड्यूकगिरी काढून घेतली होती. म्हणजे घाव ताजा. सॅक्सन फौज थेट हार्त्सबुर्गखाली येऊन बसली. राजा वर.

आता सुटकेचा प्रसंग. हे सगळं लांपर्ट नावाच्या हेर्सफेल्डच्या मठातल्या भिक्षूने लिहून ठेवलंय. त्याचं राजाशी अजिबात पटत नव्हतं, पण लिहितो असा की समोर बसून ऐकतोय असं वाटावं. ९ ऑगस्टच्या रात्री राजा मोजकी माणसं आणि राजचिन्हं घेऊन किल्ल्यातून निसटला. वरची बाकी मंडळी तिथेच ठेवली, म्हणजे खालच्यांना वाटावं राजा अजून आतच आहे. वाट दाखवायला एक शिकारी. जनावरांच्या मागावर फिरताना त्याला जंगलातली एक चिंचोळी पायवाट सापडली होती, ती फक्त त्यालाच ठाऊक. तीन दिवस गच्च रानातून, पोटात अन्न नाही, पान हललं तरी दचकायचं. चौथ्या दिवशी एश्वेगेला पोचले तेव्हा भूक आणि जागरणाने सगळे अर्धमेले झाले होते.

सोबत कोण कोण होतं, तर दोन बिशप. त्यातला एक बेन्नो! स्वतः बांधलेल्या किल्ल्यातून रात्रीच्या अंधारात पळून जायची वेळ आलेला दुसरा अभियंता मला तरी माहीत नाही.

सदाफुली

अरे देवा, बिचारा बेन्नो.

मावळतीचा_वारा

ही तर डिट्टो आग्र्याहून सुटका! सगळ्यांना वाटतंय राजा आतच आहे, आणि राजा कधीचाच पसार.

खडूसकाका

डिट्टो नाही हो. महाराज आग्र्याला शत्रूच्या कैदेत होते. हा स्वतःच्या किल्ल्यातून, स्वतःच्याच प्रजेला घाबरून पळतोय. दोन्हीकडे रात्र होती एवढं मान्य. (खरं तर आग्र्याला संध्याकाळ होती म्हणतात. म्हणजे तेही गेलं.)

मावळतीचा_वारा

काका, तुम्हाला कोणत्याही धाग्यावर मजा करू द्यायची नसते.

घाटवाट

विहिरीतून भुयार होतं असं कुठेतरी वाचलं होतं. राजा त्यातून पळाला म्हणे.

उत्तरेकडचा

हो, गावात ही दंतकथा आहे. आमचे बाबा त्या विहिरीच्या कठड्याशी पाच मिनिटं वाकून उभे होते. शेवटी निकाल दिला, "प्रत्येक गडाच्या प्रत्येक विहिरीतून भुयार असतं. आपल्याकडे तर ती थेट काशीला निघतात." लांपर्टला भुयार ठाऊक नाही. त्याच्याकडे शिकारी आणि पायवाट आहे, आणि मला ते जास्त पटतं. डोंगरमाथ्यावर पहाड फोडत पाण्यापर्यंत विहीर नेणं हेच मुळात जिवावरचं काम. वर आणि त्यातून आडवं भुयार काढायचं?

काजूकतली

पण मग किल्ला पडला कसा? राजा पळाला म्हणजे सॅक्सनांनी लगेच घेतला का?

उत्तरेकडचा

नाही, आणि माझ्या मते खरी गंमत इथून पुढे आहे. (गंमत हा शब्द बरोबर नाही, पुढे कळेल.)

किल्ला काही सॅक्सनांच्या हाती लागला नाही. पण हिवाळ्यात राजाकडे लढायला माणसंच जमेनात. दक्षिणेचे ड्यूक हात झटकून मोकळे. शेवटी २ फेब्रुवारी १०७४ ला गेर्स्टुंगेनला तह झाला आणि मुख्य अट किल्ले पाडायची. राजाने मान्य केलं. इतर किल्ले पाडले. हार्त्सबुर्गची मात्र चालढकल. मग नाइलाज झाल्यावर तटबंदी तेवढी उतरवली. आतलं चर्च आणि त्याच्या आधाराने असलेल्या इमारती तशाच ठेवल्या. त्याचं म्हणणं सरळ असावं, की किल्ला पाडायचं ठरलंय, देऊळ पाडायचं नाही.

त्या चर्चमध्ये दोन लहान थडगी होती. एक त्याच्या धाकट्या भावाचं, कोनराडचं, जो १०५५ मध्ये तिसऱ्या वर्षी गेला. दुसरं त्याच्या पहिल्या मुलाचं, ऑगस्ट १०७१ मध्ये जन्मून लगेच गेलेल्या बाळाचं.

मार्चमध्ये आसपासच्या गावांतले शेतकरी वर चढले. सॅक्सन सरदारांना न विचारता. त्यांना अर्धवट पाडलेला किल्ला बघवत नव्हता. राजाचा काय भरवसा, उद्या परत तट घालेल. उरलेल्या भिंती पायापर्यंत उपटल्या, चर्च जाळलं, वेदी फोडली, आणि थडगी उघडून हाडं बाहेर फेकली. नंतर जवळच्या मठातल्या प्रमुखाने ती गोळा करून नेली.

सदाफुली

तान्ह्या बाळाची हाडं.

काजूकतली

ज्यांची गुरं नेली, बिगारी करून घेतली, त्यांचा राग समजतो. पण हे नाही समजत.

नकाशावाला

समर्थन नाही, पण मला वाटतं त्यांच्या दृष्टीने ती 'राजाची जागा' होती. घराण्याची थडगी जिथे, तिथे घराण्याचा हक्क. जमिनीवरचा दावा पुसायचा असेल तर तट पाडून भागत नाही.

उत्तरेकडचा

@नकाशावाला, हा मुद्दा मी असा मांडला नसता, पण पटला.

परिणाम मात्र उलटा झाला. तोपर्यंत राजाची बाजू लंगडी होती. आता तो सगळ्या जर्मनीसमोर उभा राहून म्हणू शकत होता की या लोकांनी देवाची वेदी फोडली, मेलेल्या लेकरांना सोडलं नाही. सॅक्सन सरदारांना घाम फुटला. ते सांगत सुटले की आमचा यात हात नाही. कोणी ऐकलं नाही. हात झटकलेले तेच ड्यूक राजाच्या झेंड्याखाली आले आणि ९ जून १०७५ ला उनस्ट्रुट नदीपाशी, लांगेनझाल्त्साजवळ, सॅक्सनांचा धुव्वा उडाला. सरदार घोड्यांवर होते, बरेचसे निसटले. मारला गेला तो पायदळातला शेतकरी.

उभा असताना त्या किल्ल्याने राजाला लोकांच्या शिव्या आणि एक वेढा दिला. पडल्यावर राज्य मिळवून दिलं. मी इतके दिवस या टेकडीच्या मागे लागलोय ते यासाठी.

रडार

आणि त्याच जोरावर तो पोपशी भांडायला गेला, बरोबर? तारखा जुळतायत.

उत्तरेकडचा

अगदी. जून १०७५ ला विजय, ऑक्टोबरात सॅक्सन शरण. हवा डोक्यात. मिलानला बिशप कोण नेमणार यावरून पोप सातव्या ग्रेगरीशी वाजलेलं होतंच. जानेवारी १०७६ मध्ये वोर्म्सला जर्मन बिशप जमवून राजाने पोपलाच गादीवरून उतरायला सांगितलं. फेब्रुवारीत पोपने राजाला बहिष्कृत केलं. बहिष्कृत राजाशी इमान राखायचं बंधन नाही. झालं, सगळे परत उलटले. वर्षाच्या आत बहिष्कार उठवून आण, नाहीतर आम्ही तुला राजा मानत नाही.

मग भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून, बायको बेर्टा आणि लहान मुलाला घेऊन, उत्तर इटलीतल्या कॅनोसाच्या किल्ल्यासमोर. उतारावर राणीला आणि तिच्या बायकांना बैलाच्या कातड्यांवर बसवून घसरत खाली ओढलं, हे पुन्हा लांपर्टच सांगतो. जानेवारी १०७७ च्या शेवटी तीन दिवस अनवाणी, लोकरीच्या जाड्याभरड्या अंगरख्यात, बर्फात. मग पोपने दार उघडलं.

याच मधल्या काळात, बहिष्काराच्या आसपास, राजाने हार्त्सबुर्ग परत बांधायचं काम काढलं होतं. ते सोपवलं कोणावर? नॉर्टहाइमच्या ओटोवर! ज्याने वेढा घातला त्यालाच. ते काम काही तडीस गेलं नाही.

रडार

म्हणजे तो १९ मीटरचा खांब…

उत्तरेकडचा

बरोबर ओळखलंस. १८७२ मध्ये जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचं कॅथलिक चर्चशी भांडण चालू होतं. जर्मनीने पाठवलेला कार्डिनल राजदूत म्हणून घ्यायला पोपने नकार दिला. १४ मे ला बिस्मार्क राइशस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, म्हणाला, काळजी नसावी, आम्ही कॅनोसाला जाणार नाही, ना देहाने, ना मनाने. लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. कॅनोसाला ८०० वर्षं झाली त्या साली, २६ ऑगस्ट १८७७ ला, हा खांब उभा राहिला. वर वाक्य कोरलंय: 'नाख कॅनोसा गेएन वीर निष्ट'. आजही जर्मन भाषेत नाक मुठीत धरून माफी मागायला जाण्याला 'कॅनोसाला जाणं' म्हणतात. आमच्या ऑफिसात ग्राहकाकडे चूक कबूल करायला कोणाला पाठवायचं यावर चर्चा होते तेव्हा हमखास ऐकू येतं.

खांब उभा राहिल्यावर दोनेक वर्षांतच बिस्मार्कने नव्या पोपशी जुळवून घ्यायला सुरुवात केली, हे खांबावर लिहिलेलं नाही.

मावळतीचा_वारा

हे आपल्याकडच्या हल्लीच्या पुतळ्यांना पण…

खडूसकाका

नको. धागा चांगला चाललाय.

घाटवाट

अकराव्या शतकानंतर काय? नुसती ओसाड टेकडी?

उत्तरेकडचा

शंभर वर्षं ओसाड. मग ११८० च्या सुमारास सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने परत बांधला, कारण त्याला ब्राउनश्वाइगच्या ड्यूक हाइनरिशवर ('सिंह' हे त्याचं टोपणनाव) वचक हवा होता. आणि नियती बघा, त्याच सिंहाचा मुलगा, सम्राट चौथा ओटो, याच किल्ल्यात मेला. १९ मे १२१८. हा रिचर्ड सिंहहृदयी या इंग्लंडच्या राजाचा भाचा. पोपने यालाही बहिष्कृत केलेलं, १२१४ मध्ये बुव्हीनला फ्रान्सकडून मार खाल्ला, त्यानंतर त्याला कोणी विचारेना. मरताना त्याने जमिनीवर पडून पाद्र्यांकडून छड्या मारून घेतल्या, पापं फिटावीत म्हणून. ते थांबले की म्हणायचा, अजून जोरात. मृत्युपत्रात भावाला सांगितलं की राजचिन्हं पुढच्या राजाला देऊन टाक. तो पुरला गेला ब्राउनश्वाइगच्या कॅथेड्रलमध्ये, माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटं.

त्यानंतरचं मी भराभर सांगतो, कारण मलाच कंटाळा येतो. सरदारांची अदलाबदल, मग वाटमारी करणाऱ्यांचा अड्डा, मग तोफा आल्यावर बिनकामाचा. तीस वर्षांच्या युद्धानंतर, १६५० ते १६५४ मध्ये, ब्राउनश्वाइगच्या ड्यूकांनी पाडून टाकला. या वेळी ना तह, ना राग. उपयोग संपला होता.

नकाशावाला

याला जोड म्हणून. बार्बारोसाच्या घराण्याचं मूळ गाव होहेनश्टाउफेन, श्टुटगार्टच्या पूर्वेला. ६८४ मीटरचा सुळका, आणि तिथेही किल्ला नाही. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात जाळला. पुढे वुर्टेम्बेर्गच्या ड्यूकने त्याचेच दगड नेऊन खाली ग्योपिंगेनमध्ये राजवाडा बांधला. राजवाडा अजून उभा आहे. किल्ला बघायचा असेल तर गावात जावं लागतं!

सदाफुली

तिथे एक क्रोडो नावाचा देव आहे ना टेकडीवर? फोटो पाहिला होता. हातात चाक, पायाखाली मासा.

उत्तरेकडचा

आहे, पण नवा पुतळा. क्रोडो हा प्राचीन सॅक्सन देव, फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्याची मूर्ती या टेकडीवरून ढकलली, अशी कथा १४९२ च्या एका छापील बखरीत येते. त्याआधी कुठेच नाही. बहुधा बखरकाराच्या डोक्यातून आलेला देव. तरी गोस्लारच्या संग्रहालयातल्या काशाच्या वेदीला लोक 'क्रोडोची वेदी' म्हणतात. ती ख्रिस्ती वेदी आहे, साधारण ११०० ची, आणि फार सुंदर आहे. देव खोटा असला तरी ती बघायला जा.

काजूकतली

आम्ही सप्टेंबरात वोल्फ्सबुर्गला येतोय. लहान मुलं आहेत. दिवसभराचं होईल का?

उत्तरेकडचा

आरामात. सकाळी गोस्लार, रामेल्सबेर्गची खाण (आत गार असतं, मुलांना स्वेटर घ्या), दुपारी टेकडी. रोपवेने वर जा आणि चालत उतरा, वाट सोपी आहे. वर हॉटेल आहे, पण शाकाहारी खाणाऱ्यांनी डबा नेलेला बरा. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती आम्ही बुरुजाच्या पायावर बसून खाल्ली.

खडूसकाका

वडिलांना शेवटी किल्ला सापडला का?

उत्तरेकडचा

खंदक सापडला. त्यात उतरून त्यांनी पावलांनी रुंदी मोजली, तोंडाने आकडा मोजत. मग वर येऊन म्हणाले, "खंदक चांगला आहे. हा पाडता आला नाही कोणाला."